लेखक, वाचक आणि ऑनलाइन समूह : पुस्तकप्रसाराच्या प्रश्नाचा आढावा

प्रश्नाचे स्वरूप

लेखकाने आपल्या पुस्तकाचा प्रसार स्वतः करावा का, आणि करावयाचा तर वाचक जेथे आपसांत पुस्तकांविषयी बोलत असतात तेथे जाऊन तो कोणत्या मर्यादेत करावा, हा प्रश्न गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मराठी ग्रंथव्यवहारात कडेकडेने येऊन आता मध्यभागी उभा राहिला आहे. २०११च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या आठ कोटी तीस लाखांच्या घरात असताना मराठी ललित पुस्तकाची आवृत्ती परंपरेने हजार प्रतींची निघते आणि अलीकडे तीही अनेकदा पाचशेवर किंवा त्याहून खाली येते. या दोन आकड्यांमधील अंतर कोणी आणि कसे भरून काढावे, याविषयीच्या मतभेदांतूनच हा वाद उभा राहिला आहे.

येथे 'ऑनलाइन वाचकसमूह' ही संज्ञा व्यापक अर्थाने घेतली आहे. एकमेकांना प्रत्यक्ष न भेटलेल्या, परंतु इंटरनेटवरील एखाद्या ठिकाणी नियमितपणे जमून वाचनाविषयी देवाणघेवाण करणाऱ्या माणसांचा गट, असा तिचा अर्थ होतो. मग ते ठिकाण चर्चेचे संकेतस्थळ असो, फेसबुकवरील वाचनगट असो, व्हॉट्सअॅपवरील दोनशे-तीनशे जणांचा समूह असो की पुस्तकांना तारे देण्याची सोय असलेला विक्रीचा मंच असो. 'प्रसार' आणि 'संवाद' या दोन शब्दांतील भेदही आरंभीच नोंदवून ठेवला पाहिजे. पुस्तक विकत घेतले जावे या हेतूने केलेली कृती म्हणजे प्रसार, आणि विक्रीचा हेतू नसतानाही वाचकाशी झालेले बोलणे म्हणजे संवाद. व्यवहारात या दोहोंची सरमिसळ होते, आणि ती कोठवर क्षम्य मानावी हाच वादाचा गाभा आहे.

छापील काळातील पूर्वपीठिका

लेखकाने वाचकाच्या दारी जाणे ही इंटरनेटने आणलेली गोष्ट आहे, असा समज या चर्चेत वारंवार आढळतो, परंतु इतिहास त्याला दुजोरा देत नाही. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड सिद्धीस नेले, ते कंपनी काढून, भाग विकून आणि गावोगावचे वर्गणीदार मिळवून. त्या खटपटीचा वृत्तांत त्यांनी 'माझे बारा वर्षांचे काम' या पुस्तकात दिला आहे. विद्वत्तेचे काम आणि ग्राहक मिळवण्याचे काम एकाच माणसाने केल्याचे हे मराठीतील बहुधा सर्वांत ठळक उदाहरण असून, त्यामुळे केतकरांच्या विद्वत्तेला उणेपणा आल्याचे कोणी मानत नाही. त्याआधी १८९० साली हरि नारायण आपटे यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले आणि आपल्या कादंबऱ्या त्यातून प्रकरणशः प्रसिद्ध केल्या. पुढील अंकाची वाट पाहणारा वाचक आणि तो वाट पाहत आहे हे ठाऊक असलेला लेखक ही जोडी तेव्हापासून मराठीला परिचित आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन' मासिकाने १९०९ साली काढलेल्या दिवाळी अंकापासून जी परंपरा रूढ झाली, तिने लेखकाला वर्षातून एकदा का होईना, पण मोठ्या वाचकवर्गासमोर नेऊन उभे केले. कथेखाली किंवा लेखाखाली लेखकाचा पत्ता आणि पुढे मोबाईल क्रमांक छापण्याची जी पद्धत अनेक नियतकालिकांनी पाळली, तिच्यामुळे वाचकाचे पोस्टकार्ड किंवा सकाळी सकाळी येणारा अनोळखी दूरध्वनी हा मराठी लेखकाच्या नित्याच्या अनुभवाचा भाग झाला.

वाचकांना संघटित करण्याचा सर्वांत विचारपूर्वक झालेला प्रयत्न म्हणजे १९७४ साली मुंबईत सुरू झालेली 'ग्रंथाली' ही वाचक चळवळ होय. दिनकर गांगल, अरुण साधू, अशोक जैन आणि त्यांचे सहकारी यांनी वाचकांना आगाऊ पैसे भरून सभासद होण्याचे आवाहन केले, गावोगाव प्रदर्शने नेली, आणि दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८) व लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) ही आत्मकथने याच चळवळीच्या प्रकाशनातून पुढे आली. वाचकांचा समूह आधी आणि पुस्तक नंतर, असा हा क्रम होता. आज ज्याला सामूहिक आगाऊ निधी असे म्हणतात त्याचे मूलतत्त्व येथे पूर्णपणे दिसते.

या पूर्वपीठिकेत एक वेगळा स्वरही आहे, आणि तो दुर्लक्षून चालणार नाही. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने १८७८ साली पुण्यात ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले. १८८५ साली दुसऱ्या सभेचे निमंत्रण आले असता जोतीराव फुले यांनी पत्र पाठवून त्यात सामील होण्यास नकार दिला, कारण या ग्रंथकारांच्या पुस्तकांचा शूद्रातिशूद्रांच्या दुःखांशी मेळ बसत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. 'वाचकांचा समूह' असे म्हणताना त्यात कोण येते आणि कोण बाहेर राहते, हा प्रश्न तेव्हापासून मराठी ग्रंथव्यवहारासमोर आहे, आणि माध्यम बदलल्याने तो निकालात निघालेला नाही.

संगणकावरील पहिले मराठी समूह

१९९६ साली 'मायबोली' हे संकेतस्थळ सुरू झाले, तेव्हा देवनागरी अक्षरे पडद्यावर उमटवणे हेच एक कौशल्य होते. युनिकोड, म्हणजे जगातील सर्व लिप्यांतील प्रत्येक अक्षराला एकच ठरावीक क्रमांक देणारी प्रमाणव्यवस्था, सर्वसामान्यांच्या संगणकावर नीट चालू लागण्यापूर्वी प्रत्येक ठिकाणाचा टंक वेगळा असे आणि एकाने लिहिलेले दुसऱ्याला चौकोनांच्या रांगेसारखे दिसे. ही अडचण दूर होत गेली तसतशी 'मनोगत', 'मिसळपाव', 'उपक्रम', 'ऐसी अक्षरे' अशी ठिकाणे उभी राहिली. त्यांच्या घडणीत परदेशी गेलेल्या मराठी भाषकांचा वाटा मोठा होता, कारण मराठी पुस्तकाचे दुकान आणि मराठी गप्पांचा कट्टा या दोन्ही गोष्टी त्यांच्यापासून हजारो मैल दूर राहिल्या होत्या.

या समूहांनी लेखक-वाचक नात्याची जी रीत घडवली ती आजच्या वादाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. तेथे बहुतेकजण टोपणनावाने लिहीत. लेखनाखाली 'प्रतिसाद' येत. कथा 'क्रमशः' अशी थांबली की खाली 'पुभाप्र', म्हणजे 'पुढील भागाच्या प्रतीक्षेत', अशी अक्षरे उमटत आणि नवख्याला 'पुलेशु', म्हणजे 'पुढील लेखनास शुभेच्छा', मिळत. ही संक्षिप्त रूपे गमतीची वाटली तरी त्यांच्यामागे एक अलिखित करार होता. दुसऱ्यांचे वाचावे, त्यावर लिहावे आणि मगच आपले वाचले जाण्याची अपेक्षा धरावी, असा तो करार होता. ज्याने कधी कोणाला प्रतिसाद दिला नाही आणि जो केवळ आपल्या पुस्तकाची घोषणा करण्यापुरता उगवला, त्याच्याकडे समूह पाठ फिरवीत असे. प्रसाराविषयीचे नियम लिहिले जाण्यापूर्वी हा संकेत रुजलेला होता. इंग्रजी समूहांतही असाच अनुभव आहे. 'रेडिट' या मंचावर एके काळी सदस्याच्या दहा नोंदींपैकी फार तर एक स्वतःच्या कामाविषयी असावी, असे मार्गदर्शक सूत्र होते. आकड्यात बांधलेला हा नियम आणि मराठी समूहांतील न लिहिलेला संकेत यांचा आशय एकच आहे.

समाजमाध्यमे, विक्रीचे मंच आणि टपाल

यानंतरच्या टप्प्यात वाचक संकेतस्थळांकडून ऑर्कुटकडे, तेथून फेसबुककडे आणि पुढे व्हॉट्सअॅप, यूट्यूब व इन्स्टाग्रामकडे सरकला. या स्थलांतराने दोन गोष्टी बदलल्या. टोपणनाव मागे पडून लेखकाचे खरे नाव आणि छायाचित्र पुढे आले. आणि कोणाला काय दिसावे हे समूहाने किंवा संपादकाने ठरवण्याऐवजी ते अल्गोरिदमने, म्हणजे वापरकर्त्यांच्या पूर्ववर्तनावरून मजकुराचा क्रम लावणाऱ्या संगणकीय नियमांनी, ठरू लागले. याच सुमारास विक्रीची साधनेही हाती आली. 'बुकगंगा'सारख्या मराठी मंचावर छापील व ई-पुस्तके एकत्र मिळू लागली, २०१३ साली अॅमेझॉनची भारतातील विक्री सुरू झाली, २०१६च्या डिसेंबरात किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषांतील पुस्तके आली, २०१७च्या अखेरीस स्टोरीटेलने श्राव्य पुस्तकांसाठी इंग्रजी-हिंदीच्या जोडीला मराठी निवडली, आणि 'प्रतिलिपी'सारख्या मंचावर प्रकाशकाशिवाय प्रकरणशः कथा लिहिण्याची सोय झाली. 'करमणूक'मधील क्रमशः कादंबरी शतकाहून अधिक काळानंतर अशा रीतीने मोबाईलच्या पडद्यावर परत आली.

मराठी लेखकाच्या दृष्टीने मात्र सर्वांत मोठा बदल बहुधा यापेक्षा साधा आहे. फेसबुकवर पुस्तकाची घोषणा करावी, वाचकाने व्हॉट्सअॅपवर पत्ता पाठवावा, यूपीआयने पैसे द्यावेत आणि लेखकाने घरच्या टेबलावर पाकिटे भरून ती टपालात टाकावीत, हा व्यवहार आता सर्वत्र रूढ झाला आहे. पुस्तकाच्या छापील किमतीवर दहा टक्क्यांच्या आसपास मानधन आणि तेही मिळेल तेव्हा, अशा परिस्थितीत ज्याने ठरावीक प्रती स्वतः विकत घेण्याच्या अटीवर पुस्तक काढले आहे, त्याला हा मार्ग प्रतिष्ठेपेक्षा गरजेचा वाटतो. या व्यवहाराचे एक टोक अजूनही टपालखिडकीवर आहे, हे विसरले जाते. नोंदणीकृत छापील पुस्तकांसाठी असलेली स्वस्त टपालसेवा २०२४च्या डिसेंबरात बंद झाली, तेव्हा छोट्या प्रकाशकांचे आणि घरून पुस्तके पाठवणाऱ्या लेखकांचे गणित एका दिवसात बिघडले. २०२५च्या मे महिन्यात 'ज्ञान पोस्ट' ही नवी सेवा सुरू झाली, परंतु ऑनलाइन प्रसाराचे यश पडद्याबाहेरच्या किती गोष्टींवर अवलंबून आहे, हे मधल्या महिन्यांनी दाखवून दिले.

मुख्य भूमिका

पहिली भूमिका प्रसाराच्या बाजूची आहे. बहुतेक तालुक्यांच्या गावी ललित पुस्तकांचे दुकान नाही, वर्तमानपत्रांतील परीक्षणांची जागा आक्रसली आहे, ग्रंथालयांची खरेदी अनुदानाच्या वेळापत्रकावर चालते. तेव्हा पुस्तक निघाल्याचे लेखकाने सांगितले नाही तर ते कोणालाच कळणार नाही, असे ही बाजू म्हणते. या म्हणण्याला बाहेरच्या उदाहरणांची जोड दिली जाते. अँडी वीअर यांनी 'द मार्शन' ही कादंबरी आधी स्वतःच्या संकेतस्थळावर प्रकरणशः दिली, वाचकांनी तिच्यातील वैज्ञानिक चुका दाखवल्या, २०११ साली ती किंडलवर अल्प किमतीत आली आणि २०१४ साली मोठ्या प्रकाशनसंस्थेने छापली. मुंबईच्या अमीश त्रिपाठी यांचे शिवकथेवरील पहिले पुस्तक प्रकाशकांच्या नकारानंतर २०१० साली निघाले, तेव्हा पहिले प्रकरण फुकट वाटणे आणि चित्रफितीतून जाहिरात करणे हे मार्ग वापरले गेले. ब्रँडन सँडरसन यांनी २०२२च्या मार्चमध्ये चार कादंबऱ्यांसाठी वाचकांकडूनच आगाऊ रक्कम मागितली आणि एक लाख ८५ हजारांहून अधिक वाचकांनी मिळून चार कोटी डॉलरच्या वर निधी जमवला. ही उदाहरणे खरी आहेत, परंतु त्यांचा पुरावा म्हणून उपयोग करताना सावधगिरी हवी. सँडरसन यांच्या मागे सतरा वर्षांचे प्रकाशित लेखन आणि तितक्याच काळाचा वाचकसंवाद होता. आणि ज्यांनी हेच सारे केले पण ज्यांचे पुस्तक खपले नाही, त्यांची उदाहरणे कोणी देत नाही.

या बाजूला एक अधिक वजनदार युक्तिवाद आहे, तो सामाजिक आहे. पुण्या-मुंबईच्या प्रकाशनवर्तुळाशी ओळख नसलेल्या, विदर्भातील किंवा मराठवाड्यातील एखाद्या खेड्यातून लिहिणाऱ्या, कुटुंबात पहिल्यांदा शिकलेल्या लेखकाला संपादकाच्या दाराशी न थांबता वाचकापर्यंत जाता आले, हे या माध्यमाचे देणे नाकारता येणार नाही. बोलींत लिहिलेल्या कथांना आणि वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी कवितांना दृक्श्राव्य माध्यमातून जो श्रोता मिळाला, तो नियतकालिकांनी क्वचितच मिळवून दिला होता. फुल्यांनी १८८५ साली ज्या सभेला नकार दिला, तिच्या बाहेरची सभा भरवण्याची साधने आज अनेकांच्या हाती आहेत. मात्र साधन हाती येणे आणि समूहात समान मान मिळणे यांत अंतर आहे. आडनावावरून होणारी पारख आणि लेखिकांना खासगी संदेशांतून होणारा त्रास हे ऑनलाइन समूहांतही चालूच आहेत.

दुसरी भूमिका लेखनाच्या बाजूने बोलते. तिचे म्हणणे असे की, लेखकाचा वेळ आणि एकांत ही मर्यादित साधने आहेत, आणि दररोजच्या पसंतीच्या खुणांची सवय जडलेले मन दीर्घ, अवघड, लगेच न आवडणारे काही लिहू शकत नाही. याच संदर्भात जी. ए. कुलकर्णी यांचे नाव घेतले जाते. धारवाडला राहून सभा-समारंभ कटाक्षाने टाळणाऱ्या या कथाकाराला निष्ठावान वाचक लाभले, ते केवळ कथांच्या बळावर. हे उदाहरण बिनतोड वाटते, परंतु त्याची दुसरी बाजूही आहे. जी. एं.नी विपुल पत्रे लिहिली, त्यांच्या निवडक पत्रांचे चार खंड प्रसिद्ध आहेत, आणि त्यांतील माणूस संवादाला पारखा झालेला मुळीच दिसत नाही. त्यांनी गर्दी टाळली, वाचक नव्हे. म्हणून या भूमिकेचा खरा आक्षेप संवादाला नसून संवादाच्या गतीला आणि उघडेपणाला आहे, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. प्रकरणशः लेखनात वाचकांच्या रोजच्या मागणीनुसार कथानक वळते, हा आक्षेपही याच भूमिकेतून येतो. 'करमणूक'च्या काळातही हा धोका होता, पण तेव्हा दोन अंकांमध्ये आठवडा असे.

तिसरी भूमिका समूहांची स्वतःची आहे, आणि चर्चेत तिचे म्हणणे सर्वांत कमी ऐकले जाते. वाचनगट चालवणारी माणसे बहुधा विनामोबदला ते काम करतात. त्यांच्या दृष्टीने गट म्हणजे बाजार नव्हे. तेथे आलेल्या माणसाला जुन्या पुस्तकाविषयी बोलायचे असते, रद्दीच्या दुकानात सापडलेली एखादी प्रत दाखवायची असते, शाळेत वाचलेल्या आणि नाव आठवत नसलेल्या गोष्टीचा शोध घ्यायचा असतो. अशा ठिकाणी दर दोन नोंदींमागे एक मुखपृष्ठ आणि 'प्रतींसाठी संपर्क' अशी ओळ येऊ लागली की बोलणारे गप्प होतात आणि गट हळूहळू ओस पडतो. यावर उपाय म्हणून काही ठिकाणी नवीन पुस्तकांच्या घोषणेसाठी आठवड्यातील एक दिवस राखून ठेवतात, काही ठिकाणी लेखकाला स्वतःच्या पुस्तकाविषयी बोलण्यास मनाई असते आणि दुसऱ्या वाचकाने विषय काढल्यास उत्तर देण्याची मुभा असते. ही दुसरी पद्धत अधिक दूरदर्शी वाटते, कारण तीत आरंभ वाचकाकडे राहतो.

प्रकाशकांची भूमिका या तिन्हींच्या मध्ये हेलकावे खाते. लेखकाचे किती अनुयायी आहेत याची चौकशी हस्तलिखित स्वीकारताना होऊ लागली आहे, ही तक्रार अनेक भाषांत ऐकू येते. उलट प्रकाशकांचे म्हणणे असे की कागद, छपाई आणि वितरण यांचे ओझे वाहणाऱ्याने वाचक कोठून येणार हे विचारणे गैर नाही.

परीक्षणांची विश्वासार्हता

या सर्व प्रश्नांपेक्षा अधिक गुंतागुंतीचा प्रश्न अभिप्रायांचा आहे. छापील काळात परीक्षक, संपादक, ग्रंथपाल आणि पुस्तकविक्रेता असे चार मध्यस्थ वाचकाच्या निवडीला हातभार लावीत. त्यांचे पक्षपात होते, परंतु ते नावानिशी होते. ऑनलाइन व्यवहाराने विक्रीतील मध्यस्थ दूर केले, पण निवडीतील मध्यस्थाची जागा भरून काढली नाही. ती जागा तारे, पसंतीच्या खुणा आणि अनोळखी अभिप्राय यांनी घेतली. येथेच आजच्या वादाचा सर्वांत कच्चा दुवा आहे.

बनावट अभिप्रायांची प्रकरणे इंग्रजी ग्रंथविश्वात उघडकीस आलेली आहेत. ब्रिटिश इतिहासकार ऑर्लँडो फायजेस यांनी आपल्या पुस्तकांची स्तुती आणि इतरांच्या पुस्तकांची निंदा करणारे निनावी अभिप्राय अॅमेझॉनवर लिहिल्याचे २०१० साली मान्य केले, आणि २०१२ साली रहस्यकथाकार आर. जे. एलरी यांच्याविषयी हेच समोर आले. यानंतरचा प्रकार उलट्या दिशेचा आहे. पुस्तक न वाचताच शेकडो जणांनी त्याला एकच तारा देऊन ते पाडण्याचा सामूहिक प्रयत्न करणे, याला आता 'रिव्ह्यू बॉम्बिंग' म्हणतात. २०२३च्या जूनमध्ये एलिझाबेथ गिल्बर्ट यांच्या रशियात घडणाऱ्या कादंबरीची घोषणा होताच 'गुडरीड्स' या वाचकमंचावर असा मारा झाला आणि लेखिकेने स्वतः प्रकाशन पुढे ढकलले. त्याच वर्षाच्या अखेरीस एका नवोदित अमेरिकी लेखिकेने खोट्या खात्यांवरून इतर नवोदितांची पुस्तके पाडण्याचा प्रयत्न केल्याचे उघड झाले व तिचा करार रद्द झाला. गुडरीड्स २०१३पासून अॅमेझॉनच्या मालकीचा आहे, म्हणजे मत नोंदवण्याची जागा आणि विक्रीची जागा एकाच हाती आहेत, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते.

मराठीत या प्रकारांचे स्वरूप निराळे आहे. येथे खोटी निंदा तुलनेने कमी आणि भिडेखातर स्तुती अधिक. लेखक आपले पुस्तक परिचितांना सप्रेम भेट देतो, परिचित त्याचे छायाचित्र टाकून चार गौरवाच्या ओळी लिहितो, आणि पुढच्या महिन्यात या उपकाराची परतफेड होते. यात कोणी कोणाला फसवीत नाही, तरी दूरच्या वाचकाला मात्र सारीच पुस्तके सारखीच अप्रतिम दिसतात, आणि दोनदा तीनदा निराशा पदरी आल्यावर तो नवे पुस्तक घेणेच थांबवतो. हे नुकसान कोणत्याही बनावट खात्याने केलेल्या नुकसानापेक्षा मोठे आहे. मराठीची दुसरी अडचण नोंदींची आहे. एकच मराठी पुस्तक देवनागरीत, रोमन लिपीतील दोन-तीन वेगवेगळ्या वर्णलेखनांत आणि कधी लेखकाच्या आडनावाच्या निराळ्या रूपाखाली नोंदले जाते. अनेक पुस्तकांवर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, नसतो, जरी भारतात तो विनामूल्य मिळतो. परिणामी थोडेबहुत प्रामाणिक अभिप्राय असले तरी ते विखुरलेले राहतात.

कायद्याने या क्षेत्रात अलीकडेच पाऊल ठेवले आहे. जाहिरात मानक परिषदेने २०२१ साली प्रभावक व्यक्तींसाठी नियम केले, २०२२च्या जूनमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिराती व शिफारशींविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि त्याच वर्षी भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन परीक्षणांसाठी एक ऐच्छिक मानक प्रसिद्ध केले. मोबदला किंवा भेटवस्तू घेऊन केलेली शिफारस तशी असल्याचे सांगावे, हे या नियमांचे सार आहे. फुकट मिळालेली पुस्तकाची प्रत ही भेटवस्तू धरावी का, हे मराठी समूहांनी अद्याप गंभीरपणे विचारात घेतलेले नाही. शे-दोनशे रुपयांच्या प्रतीसाठी कायद्याची भाषा वापरणे अनेकांना अतिरेकी वाटते, परंतु 'ही प्रत लेखकाकडून मिळाली' एवढे एक वाक्य लिहिण्यात गैर काही नाही आणि त्याने अभिप्रायाचे मोल वाढतेच.

उघडेपणाची किंमत

समूहांत उपस्थित राहणारा लेखक टीकेच्याच नव्हे, तर रोषाच्याही टप्प्यात येतो. तमिळ कादंबरीकार पेरुमाळ मुरुगन यांच्या 'मादोरुबागन' या कादंबरीविरुद्ध संघटित मोहीम झाल्यानंतर २०१५च्या जानेवारीत त्यांनी फेसबुकवरूनच आपल्यातील लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली. २०१६च्या जुलैमध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या निकालाने त्यांना दिलासा मिळाला आणि ते पुन्हा लिहू लागले. ज्या माध्यमावर वाचक भेटतो त्याच माध्यमावर लेखनसंन्यास जाहीर करावा लागणे, ही घटना या संपूर्ण प्रश्नाची गंभीर बाजू दाखवते.

याहून रोजचा उपद्रव म्हणजे मजकुराची आणि पुस्तकांची चोरी. कविता किंवा लघुलेख समूहांत फिरू लागला की दुसऱ्या-तिसऱ्या हातात लेखकाचे नाव गळते, आणि पुढे तो पु. ल. देशपांडे किंवा व. पु. काळे यांच्या नावावर जमा होतो. अख्ख्या पुस्तकांच्या पीडीएफ प्रती टेलिग्राम व व्हॉट्सअॅपवर वाटल्या जातात, आणि वाटणाऱ्याची भावना बहुधा आपण वाचनसंस्कृतीची सेवा करीत आहोत अशीच असते. लेखकाच्या निधनानंतरही साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो ही भारतीय कायद्यातील तरतूद अशा अनेकांना ठाऊक नसते. 'ई साहित्य प्रतिष्ठान'सारखे उपक्रम लेखकांच्या संमतीने विनामूल्य ई-पुस्तके वाचकांपर्यंत पोचवतात. संमती घेऊन वाटणे आणि न घेता वाटणे यांतील फरक समूहांच्या मनावर ठसला तर लेखकांचा या माध्यमावरील विश्वास पुष्कळ वाढेल.

अनिर्णित राहिलेले

पहिला अनिर्णित प्रश्न परिणामाचा आहे. ऑनलाइन प्रसाराने मराठी पुस्तकांचा एकूण खप वाढला, की तेच वाचक दुकानातून उठून पडद्यासमोर आले, हे सांगता येण्यासारखी माहिती सार्वजनिक नाही, कारण मराठीत पुस्तकविक्रीची एकत्रित मोजणी होत नाही. म्हणून प्रसाराचे समर्थक आणि विरोधक दोघेही आपापल्या अनुभवावर बोलतात. प्रकाशक आणि विक्री करणारे मंच यांनी निदान आवृत्तीनिहाय आकडे उघड केले, तर या वादातील निम्मी विधाने तपासून पाहता येतील.

दुसरा प्रश्न निवडीच्या मध्यस्थाचा आहे. पैसे न घेता, भीड न बाळगता आणि नावानिशी पुस्तकांविषयी लिहिणारे वाचक समूहांत तयार होत आहेत, आणि त्यांतील काहींचा शब्द आज जुन्या परीक्षकांच्या शब्दाइतका मानला जातो. त्यांना वेळ, प्रती आणि प्रसंगी मानधन कोण देणार, आणि ते मिळाल्यावर त्यांचा निःपक्षपात कसा टिकणार, याचे उत्तर अद्याप कोणाकडे नाही.

तिसरा प्रश्न जतनाचा आहे. २०१४ साली ऑर्कुट बंद झाले आणि पुढे तेथील मराठी समूहांतील बोलणीही नाहीशी झाली. २०२०च्या जूनअखेरीस भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि त्यावरील चित्रफिती दिसेनाशा झाल्या. जी. एं.ची पत्रे छापली गेली, केतकरांचा वर्गणीदारांशी झालेला व्यवहार पुस्तकात उतरला, फुल्यांचे नकारपत्र 'ज्ञानोदय' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले म्हणून आज वाचता येते. १९५४च्या कायद्यानुसार प्रकाशकाने प्रत्येक छापील पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि मुंबईसह अन्य तीन शहरांतील ठरावीक ग्रंथालयांत जमा करावयाची असते. त्या पुस्तकाविषयी वाचकांनी रात्री-अपरात्री एकमेकांना आणि लेखकाला जे लिहिले, ते मात्र या कायद्याच्या कक्षेत येत नाही, आणि 'पुभाप्र' असे लिहून वाट पाहणाऱ्या पहिल्या पिढीतील वाचकांचे कितीतरी प्रतिसाद ज्यांच्या सर्व्हरवर आहेत, त्या संकेतस्थळांच्या हयातीवरच त्या प्रतिसादांचे जतन अवलंबून आहे.